आजोबांची पार्किन्सनची गोळी आणि नातीचा न्यूरोब्लास्टोमा

एका वडिलांचा प्रश्न आला आहे. मुलगी साडेतीन वर्षांची. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून निघालेला न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांमधला एक कॅन्सर) बोन मॅरोपर्यंत पसरलेला, म्हणजे हाय-रिस्क. केमोच्या पाच सायकल झाल्या, आता ऑपरेशनची तारीख मिळायची आहे. घरात आजोबांना पार्किन्सन असून त्यांची प्रामिपेक्सोलची गोळी चालू आहे. वडिलांनी रात्री जागून इंटरनेट धुंडाळलं आणि 'न्यूरोब्लास्टोमा पेशींवर प्रामिपेक्सोलचा परिणाम' अशा अर्थाचा एक पेपर सापडला. ते लिहितात, "ही गाठ डोपामिन बनवते असं आमच्याच डॉक्टरांनी सांगितलंय. हे औषधही डोपामिनचंच. गोळी घरातच आहे. पाव तुकडा दिला तर काय बिघडेल? डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही."

आधी सरळ उत्तर. देऊ नका, पाव तुकडाही नको. आणि डॉक्टरांना जरूर विचारा. लहान मुलांच्या कॅन्सरच्या ओपीडीत मी पंचवीस वर्षं बसतोय. गोमूत्रापासून घोड्यांच्या जंताच्या औषधापर्यंत सगळे प्रश्न ऐकून झालेत, तुमचा त्यातला बराच शहाणा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो पेपर मी पाहिलेला नाही, पण त्यासारखे पुष्कळ पाहिलेत. त्यात 'एसएच-एसवाय५वाय' असा शब्द आहे का, ते बघा. बहुतेक असेलच. तसं असेल तर तो पेपर तुमच्या मुलीच्या आजाराचा नाही, तुमच्या वडिलांच्या आजाराचा आहे.

१९७० साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर संस्थेत चार वर्षांच्या एका मुलीच्या बोन मॅरोमधून काही पेशी घेतल्या. तिला न्यूरोब्लास्टोमा होता. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या. त्यांना एसके-एन-एसएच असं नाव पडलं. जून बीडलर या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने त्यातून निवडत निवडत, तीन वेळा चाळून, एक पोटजात वेगळी काढली. तीच ही एसएच-एसवाय५वाय. आज जगभरातल्या प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये ती आहे. आपल्याकडेही आहे.

आता गंमत अशी, की या पेशी वापरणारे बरेचसे लोक कॅन्सरवाले नसतातच. ते असतात पार्किन्सन आणि अल्झायमरवर काम करणारे. माणसाच्या मेंदूतली जिवंत चेतापेशी काढून बशीत वाढवणं जवळजवळ अशक्य, कारण पक्व चेतापेशी विभागतच नाही. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी मात्र चेतापेशींच्या चुलत घराण्यातल्या. डोपामिन बनवायची यंत्रणा त्यांच्यात असते, आणि कॅन्सरच्या असल्यामुळे त्या हव्या तितक्या वाढतात. म्हणून खऱ्या चेतापेशीच्या जागी या बदली कामगार म्हणून उभ्या केल्या जातात.

प्रयोग साधारण असा चालतो. बशीत एसएच-एसवाय५वाय पेशी पसरायच्या. काही दिवस रेटिनोइक अ‍ॅसिड द्यायचं, म्हणजे त्या विभागायचं थांबवून लांब धागे काढतात आणि चेतापेशीसारख्या दिसू लागतात. मग त्यांच्यावर एमपीपी किंवा रोटेनोनसारखं विष टाकायचं, जे पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या पेशींची नक्कल घडवतं. विषाच्या आधी प्रामिपेक्सोल देऊन ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी किती पेशी जगल्या ते मोजायचं. प्रामिपेक्सोल दिलेल्या बशीत जास्त जगल्या, की पेपरात लिहितात, 'न्यूरोब्लास्टोमा पेशींवर औषधाचा लक्षणीय परिणाम दिसला.'

परिणाम कोणता? पेशी वाचल्या. पार्किन्सनवाल्यांना तेच हवंय. तुम्हाला आणि मला मात्र त्या पेशी मरायला हव्यात. केमो चालू असलेल्या मुलीला, पेशींना विषापासून वाचवणारं औषध आपणहून द्यायचं का, हा प्रश्न मग असा उभा राहतो. बशीतला निकाल जसाच्या तसा शरीरात उतरतो असं मी म्हणत नाही. पण ज्या पेपरावर तुम्ही आशा बांधलीय, त्याचा काटा नेमका उलट्या दिशेला आहे. मराठीत किंवा इंग्रजीत शोधा, शोधयंत्राला हे कळत नाही. त्याला दोन शब्द एका पानावर दिसले की पुरे.

तो रेटिनोइक अ‍ॅसिडचा भाग मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तुमचा दुसरा तर्क जास्त वजनदार आहे. गाठ डोपामिन बनवते, मग डोपामिनच्या औषधाने ती आवरत का नाही? पिट्यूटरी ग्रंथीच्या प्रोलॅक्टिनोमा नावाच्या गाठीत तर असं होतंच. कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिनच्या गोळ्यांनी ती गाठ ऑपरेशनशिवाय आक्रसते, वैद्यकातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे ती. पण तिथे डोपामिन हा मुळातच त्या पेशींचा लगाम असतो. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या निरोगी पेशीला मेंदू दिवसभर डोपामिन पाठवून 'पुरे आता' असं सांगत असतो. गाठीतल्या पेशी तो निरोप ऐकायची सवय विसरलेल्या नसतात, म्हणून गोळी चालते.

न्यूरोब्लास्टोमाचं कूळ वेगळं. गर्भात मज्जारज्जूच्या कडेने ज्या पेशी निघून अ‍ॅड्रिनलच्या गाभ्यात आणि मणक्याशेजारच्या सिम्पथेटिक साखळीत जाऊन बसतात, त्यातल्या काही अर्धवट वयातच अडकतात आणि वाढत राहतात. त्यांच्या घरी टायरोसिनपासून डोपा, डोपापासून डोपामिन, डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रिनलिन अशी पायरीपायरीची वाट असते. डोपामिनचा मोडका शेवट म्हणजे एचव्हीए आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा व्हीएमए. तुमच्या मुलीच्या लघवीच्या रिपोर्टवर हीच दोन अक्षरकुळं आहेत. दहातल्या नऊ मुलांमध्ये यातलं काहीतरी वाढलेलं सापडतं. जितकी पेशी कच्ची, तितकी शेवटची पायरी अपुरी, म्हणजे डोपामिन आणि एचव्हीए जास्त, व्हीएमए कमी. असा रिपोर्ट आम्हाला फारसा आवडत नाही.

पण डोपामिन हा या पेशींचा माल आहे, लगाम नव्हे. अ‍ॅगोनिस्ट म्हणजे डोपामिनचं सोंग घेऊन पेशीवरच्या रिसेप्टरची बेल वाजवणारं औषध, प्रामिपेक्सोल त्यातलंच. बेल वाजवून सिम्पथेटिक मज्जातंतूंमधून बाहेर पडणारा माल थोडा कमी करता येतो, ब्रोमोक्रिप्टिनने रक्तदाब उतरतो तो काही अंशी त्यामुळेच. पण माल कमी बाहेर आला म्हणजे कारखाना बंद पडला असं नाही. उलट लघवीचे आकडे उगीच खाली दिसले तर आपणच फसू.

बेलऐवजी दार वापरणं हे मात्र जमलेलं आहे. या पेशींच्या भिंतीत नॉरअ‍ॅड्रिनलिन आत ओढून घेणारं एक दार असतं. एमआयबीजी नावाचा रेणू नॉरअ‍ॅड्रिनलिनसारखा दिसतो म्हणून ते दार त्याला आत घेतं. त्याला किरणोत्सारी आयोडिन चिकटवलं की स्कॅनमध्ये गाठ उजळते, आणि आयोडिन-१३१ चा मोठा डोस दिला तर तीच गाठ आतून भाजता येते. हे औषध आपल्याकडे नवी मुंबईत वाशीच्या 'ब्रिट' या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेकडून येतं. स्कॅनच्या आधी थायरॉइड वाचवायला ल्युगोल्स आयोडिनचे थेंब देतात ना, चवीला धातूसारखे, ज्यावर मुलं तोंड वाकडं करतात, ते याचसाठी. त्या आठवड्यात सर्दीचं सिरप देऊ नका असंही सांगतात, कारण त्यातली स्यूडोएफेड्रिनसारखी द्रव्यं त्या दारात आडवी उभी राहतात आणि स्कॅन फिका येतो. घरातली साधी वाटणारी बाटली इथे किती महागात पडू शकते, त्याचा हा नमुना.

याच दारातून ६-हायड्रॉक्सीडोपामिनही आत जातं. हे विष पार्किन्सनवाले उंदरांमध्ये आजार घडवायला वापरतात. १९८० च्या दशकात काही कॅन्सरतज्ज्ञांनी तेच विष मुलाच्या काढून ठेवलेल्या बोन मॅरोतून न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी वेचून मारायला वापरून पाहिलं होतं. पद्धत टिकली नाही. पण डोपामिनची ओळख या आजाराविरुद्ध वापरायची कल्पना तुमच्या आधी चाळीस वर्षं कुणाच्या तरी डोक्यात आली होती, एवढं समाधान घ्या.

डोपामिन आणि कॅन्सर यांचं संशोधन अगदीच पोकळ नाही. २००१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये सुजित बसू, देबब्रत मुखोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डोपामिन डी-२ रिसेप्टरवाटे गाठीला रसद पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखू शकतं. ते काम उंदरांमधलं होतं आणि गाठी वेगळ्या होत्या. दुसरीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधनियामक संस्थेने मुलांच्या आणि मोठ्यांच्याही मेंदूतल्या एका वाईट गाठीसाठी डॉर्डाव्हिप्रोन नावाचं औषध मान्य केलं. ते डी-२ रिसेप्टरची बेल वाजवत नाही, बेल बंद करतं. वर त्याचा मोठा परिणाम पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका वेगळ्याच प्रथिनावर होतो. म्हणजे बेल वाजवायची की तोडायची, यावर सगळ्या गाठींना लागू पडेल असा एकच निकाल नाही, आणि तुमच्या मुलीच्या गाठीसाठी तर कुठलाच नाही.

आता डोसाचं गणित. पेपर वाचणाऱ्या प्रत्येक पालकाने हे एकदा करून बघावं. बशीतल्या पेशींना मारणारी मात्रा बऱ्याचदा १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त असते. ब्रोमोक्रिप्टिनचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा रेणूभार मला पाठ आहे, ६५४. १० मायक्रोमोलर म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ६,५०० नॅनोग्रॅम. मोठ्या माणसाने ५ मिलिग्रॅम घेतल्यावर रक्तातली सर्वोच्च पातळी भरते एका मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमच्या आसपास. भागाकार करा, तेरा हजार पट. बशीत घडतं ते शरीरात घडवायला तेरा हजार पट औषध लागेल, आणि माणूस त्याच्या कितीतरी आधी आडवा होईल.

पाव तुकडा म्हणजे कॅन्सरसाठी काहीच नाही. मुलीसाठी मात्र बरंच काही. डोपामिन अ‍ॅगोनिस्टचे ठळक त्रास म्हणजे उलटी, रक्तदाब घसरणं आणि अचानक झोप. मेंदूतलं उलटीचं केंद्र डोपामिननेही चेततं. याच घराण्यातलं अ‍ॅपोमॉर्फिन पूर्वी मुद्दाम उलटी करवायला वापरत असत. केमोच्या दिवसांत आपण ऑन्डान्सेट्रॉन देऊन जी उलटी थोपवतो, तिलाच ही गोळी मागच्या दाराने बोलावणार. प्लेटलेट कमी, सोडियम वरखाली, तोंडात फोड, अशात मूल सारखं ओकू लागलं आणि झोपाळलं, तर इमर्जन्सीतला डॉक्टर मेंदूत रक्तस्राव झालाय का म्हणून थेट सीटी स्कॅनला पाठवेल. त्याला गोळीबद्दल कुणी सांगितलंच नसेल. याच घराण्यातली जुनी, अर्गट नावाच्या बुरशीपासून निघालेली औषधं तर हृदयाच्या झडपा जाड करू शकतात. पर्गोलाइड त्यापायी २००७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून निघालं. आपल्या केमोतल्या डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होतोय का ते बघायला आपण आधीच दर थोड्या दिवसांनी इको काढत असतो.

न सांगितलेल्या गोष्टीने काय होतं, त्याची माझ्याच ओपीडीतली एक हकिकत. उपचार संपून आठ महिने झालेला मुलगा. तब्येत उत्तम, स्कॅन स्वच्छ, आणि अचानक लघवीत एचव्हीए दुपटीच्या वर. व्हीएमए जागच्या जागी. आई-वडील पांढरेफटक. आम्ही पुन्हा स्कॅन लावला, भूल देऊन दोन्ही बाजूंचं बोन मॅरो काढलं. सगळं निर्मळ. तिसऱ्या खेपेला आजी सोबत आल्या आणि सहज बोलून गेल्या, "अशक्तपणा राहिलाय, म्हणून दुधातून कवचबीजाचं चूर्ण देते." कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांमध्ये खरोखरीचा एल-डोपा असतो, पार्किन्सनच्या गोळीत असतो तोच. शरीरात त्याचं डोपामिन होतं आणि डोपामिनचं एचव्हीए. चूर्ण बंद केलं, दोन आठवड्यांत आकडा उतरला. आजींनी प्रेमाने दिलं होतं. विचारायचं आम्हीच विसरलो होतो, ती चूक आमची. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर 'चूर्ण, काढे, प्रोटीन शेक, दुसऱ्या कुणाच्या गोळ्या' अशी वेगळी ओळ असते.

'अमक्या औषधाने बाळाचा न्यूरोब्लास्टोमा गेला' अशा कहाण्यांपासूनही जरा सांभाळून राहा. दीड वर्षाच्या आतल्या काही बाळांमध्ये हा आजार आपोआप विरतो, यकृतात आणि कातडीत पसरलेला असला तरी. जपानने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून देशभर सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. आयांनी घरीच कागद लघवीत भिजवून टपालाने पाठवायचा. गाठी भरपूर सापडल्या. मृत्यू मात्र तितकेसे कमी होईनात. २००२ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक आणि जर्मनीतल्या अभ्यासांनीही तेच दाखवलं, आणि २००४ मध्ये जपानने कार्यक्रम थांबवला. सापडलेल्या पुष्कळ गाठी आपोआप गेल्या असत्या. अशा बाळाला त्या काळात हळदीचं दूध दिलं असतं, तर श्रेय हळदीला गेलं असतं. साडेतीन वर्षांच्या, मॅरोपर्यंत पसरलेल्या आजारात अशी आपोआप सुटका मिळत नाही. म्हणून त्या कहाण्यांची तुमच्याशी तुलना नको.

तुम्ही विचाराल, मग जुनं औषध नव्या आजाराला कधीच लागू पडत नाही का? पडतं. एफ्लोर्निथिन घ्या, ज्याला आम्ही डीएफएमओ म्हणतो. आधी आफ्रिकेतल्या निद्रारोगावर, मग बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करायच्या क्रीममध्ये, आणि १३ डिसेंबर २०२३ ला एफडीएने ते हाय-रिस्क न्यूरोब्लास्टोमाच्या उपचारांनंतर देण्यासाठी मान्य केलं. तिथे धागा पक्का होता. हाय-रिस्क गाठींमध्ये एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या प्रती बऱ्याचदा वाढलेल्या असतात. ते जनुक पेशीतलं एक एन्झाइम थेट चालू करतं, आणि डीएफएमओ नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतं. तरीही बशी, उंदीर, मोजकी मुलं, मग शंभरावर मुलं असा प्रवास करावा लागला. चार वर्षांनी आजार न उलटलेली मुलं ८४ टक्के, आधीच्या अभ्यासातल्या तुलनेच्या गटात ७३ टक्के. चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट त्यात नव्हते, म्हणून त्यावर अजून वाद आहे आणि माझ्या मते तो वाद रास्त आहे. एवढं करूनही जिथे शंका उरते, तिथे एका बशीवर विसंबून काही सुरू करायचं नाही.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, कॅबरगोलिन यांतलं एकही औषध आज न्यूरोब्लास्टोमाच्या प्रमाण उपचारात नाही. उद्या कुणी चाचणी काढलीच, तर ती भारताच्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दिसेल, जिथे २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची आहे. कुणी पैसे मागून 'ट्रायल'मध्ये घेतो म्हणाला, तर आधी तिथला नोंदणी क्रमांक मागा.

आता तुमच्या हातात काय आहे ते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एमवायसीएनचा आणि एएलके जनुकाचा रिपोर्ट आलाय का, आणि ऑपरेशननंतर स्टेम सेल ट्रान्सप्लांट, रेडिएशन आणि अँटिबॉडीबद्दल त्यांचा बेत काय आहे. डिन्युटुक्सिमॅब ही अँटिबॉडी अमेरिकेत २०१५ पासून मान्य आहे. आपल्याकडे खर्चाचा प्रश्न मोठा आहे, म्हणून तो आत्ताच काढा, शेवटच्या आठवड्यात नको. समाजसेवा विभागात ज्या ताई बसतात, त्यांना ट्रस्ट, योजना, अर्ज यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि तो रेटिनोइक अ‍ॅसिडचा भाग. तुमच्या पेपरातल्या शास्त्रज्ञांनी पेशींना शहाणं करायला जे वापरलं असणार, त्याचाच सख्खा भाऊ, आयसोट्रेटिनॉइन, मुख्य उपचार झाल्यावर तुमच्या मुलीला मिळेल. दोन आठवडे औषध, दोन आठवडे सुट्टी, असे सहा महिने. पेपरात हेडिंगमध्ये प्रामिपेक्सोल होतं आणि तुमच्या कामाचं औषध 'पद्धती'च्या परिच्छेदात दडलेलं असणार. एवढ्या लहान मुलीला कॅप्सूल गिळता येणार नाही. ती टोचून आतलं पिवळं तेलकट औषध तूप-भातात किंवा आइस्क्रीममध्ये कालवायचं, स्निग्ध पदार्थाबरोबर ते नीट शोषलं जातं. ओठ फुटतील, सुरुवातीपासून व्हॅसलीन लावा. घरात कुणी गरोदर असेल तर तिने या कॅप्सूलला हात लावायचा नाही. पोटातल्या बाळाला ते घातक आहे, यात सूट नाही.

तो पेपर फेकू नका. तुमच्या वडिलांच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा, तो त्यांच्या विषयाचा आहे. आणि आजोबांच्या गोळ्यांचा डबा टीपॉयवरून उचलून वरच्या फळीवर ठेवा. साडेतीन वर्षांच्या मुलीला रंगीत झाकणं उघडायला फार आवडतात, आणि केमोतून दोन दिवस बरं वाटलं की ती घरभर फिरणारच.